बाकाला मिळालेले गुण

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी नको नको म्हणत असताना तुम्ही गच्चीवर चढून टाकी बघून आलात, हे आईकडून कळलं. (तुम्हाला सांगून उपयोग नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.) आम्ही सगळे मजेत. फक्त मी जरा मान खाली घालून वावरतो आहे, त्याचं कारण लिहितो.

चिरंजिवांची सरकारी शाळा कारखान्यामागच्या वस्तीत आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. निम्मी मुलं कुठून कुठून कामाला आलेल्या लोकांची. कोणाच्या घरी कुठली भाषा, पत्ता नाही. तरी निकालात ही शाळा आसपासच्या सगळ्या शाळांच्या पुढे. यात काहीतरी काळंबेरं असणार, असं मी धरूनच चाललो होतो. मग कळलं की तिथे चाचणीचे गुण मुलाला नाही, बाकाला देतात. शेजारच्या दोघांपैकी ज्याचे कमी, तेच दोघांचे. घरी एकच आकडा येतो. आमच्या घरी आला पंचेचाळीस. आमचा मुलगा एवढा हुशार (माझ्यावर गेलाय, असं मीच म्हणतो), आणि त्याच्या शेजारी कोण, तर गेल्याच वर्षी इथे आलेली, अजून अडखळत बोलणारी, लॉन्ड्रीवाल्याची मुलगी. माझं डोकंच फिरलं.

भांडायला गेलो. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, आधी वर्गात मागे बसा, मग भांडू. बसलो. मामा, काय सांगू तुम्हाला! तास गणिताचा, आणि शिकवत होती मुलंच. कोणी बोटं मोजून, कोणी चित्र काढून, कोणी भलत्याच भाषेत शेजाऱ्याला समजावतोय. मंडईसारखा गलका, आणि एक मूल रिकामं नाही. मागच्या बाकावरच्या एका दांडगटाला अखेर उत्तर जमलं, तर त्याच्यापेक्षा त्याच्या शेजारचा किडकिडीत पोरगाच जास्त खुलला. दुसऱ्याच्या भल्यात आपलंही भलं असतं, हे विमा विकताना मी आयुष्यभर तोंडाने सांगत आलो. डोळ्यांनी पाहिलं ते पहिल्यांदा. खरं सांगतो, भरून आलं.

मग आमचा बाक पाहिला. मुलगी जीव तोडून समजावत होती आणि चिरंजीव मान हलवत होते, अगदी मी हलवतो तशी, म्हणजे काडीचंही न कळता. बाईंनी दोघांचे पेपर पुढे ठेवले. पंचेचाळीस आमच्या दिवट्याचे. तिचे ब्याण्णव.

"बाक बदलू का, असं मी तिला विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "ती म्हणाली, याला येईपर्यंत मी उठणार नाही."

बाईंनी दिलेला चहा प्यालो आणि घरी आलो. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा आगाऊ भाचा

ता. क. 'सदर मुलीस तातडीने अन्य बाकावर हलवावे' असा माझा जो अर्ज तुमच्या ओळखीने शिक्षण खात्यात द्यायला पाठवला होता, तो दिला नसेल तर फाडा. दिला असेल तर आजच गाडी करून जा, हातापाया पडा, पण परत आणा. ती उठली तर आमचं कसं होणार?

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच नव्या चाचणीचे गुण कळले. बाकाला एकसष्ट. सांगायला ती मुलगीच धावत दारात आली होती. आनंदाने तिला धड बोलता येत नव्हतं. स्वतःला शहाण्णव पडलेत, हे सांगायचं ती विसरून गेली.