आरमारावरची पाल

बाबा, तुला पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाशी अडले. घरात आपण कोकणीतून बोलायचो, तेव्हा तुला मी 'तू' म्हणायचे. पत्र मात्र मराठीत लिहायचं ही आपल्याकडची रीत, आणि मराठीत बापाला 'तुम्ही' म्हणावं असं शाळेत घोटून घेतलेलं. म्हणून 'तुम्ही' लिहून पाहिलं. वाचलं तर शेजारणीच्या वडिलांची खुशाली विचारतेय असं वाटायला लागलं. खोडलं. तू आपला तूच राहा. एवढ्या एका गोष्टीत तरी माझा घोळ नको.

सांगायचं ते असं, की आईला आम्ही हरमलला आणलंय, कायमची. आमोण्याच्या घराला कुलूप घातलं. तिचे गुडघे धरतात, न्हाणीची पायरी उतरवत नाही, एकटी किती दिवस राहणार? सामान तिनं थोडकंच घेतलं. तू केलेलं ते लाकडी जहाज घ्यायला मात्र ती तयार नव्हती. "अर्दें उरिल्लें घरांत दवरूं नये. न्हंयत सोडून दी," म्हणाली, आणि मांडवीच्या दिशेनं असा हात केला, की जणू नदी ते न्यायलाच दारात येऊन थांबलीय. मी ऐकलं नाही. दोन उशांच्या मध्ये घालून, पिकअपमध्ये मांडीवर धरून ते इथवर आणलं. माझा नवरा वाटभर गाडी हळू चालवत होता आणि वाटभर कुरकुरत होता. आता ते सोप्यावरच्या मेजावर आहे. आमच्या खोल्यांत उतरलेले पर्यटक स्कूटर लावता लावता थांबून बघतात, एखादा बोट लावायला जातो, आणि मी ओरडते. अगदी तू माझ्यावर ओरडायचास तशीच.

तू बार्जवर तांडेल होतास. आमोण्याच्या धक्क्यावर खनिज भरायचं, मांडवीतून मुरगावला न्यायचं, रिकामं परत आणायचं. "आगपेटी हाकतां हांव," असं तूच म्हणायचास, आणि लांबट, चपट्या त्या लोखंडी पेटीकडे पाहिलं की ते पटायचंसुद्धा. मग खाणी बंद पडल्या. आगपेट्या काठाला गंजत उभ्या राहिल्या आणि तू घरात. कितीतरी दिवस तू काहीच केलं नाहीस. पेपर वाचायचास, तोच पेपर संध्याकाळी पुन्हा वाचायचास, आणि आईनं भाजी कशी चिरावी यावर मतं द्यायचास. आई अगदी टेकीला आली होती. आणि एके दिवशी इब्रामपूरला जाऊन आलास तो फणसाच्या फळ्या घेऊनच. जुन्या घरामागचं झाड पाडलं होतं, त्याच्या पिवळ्याधमक फळ्या. त्यांचं काय करणार, हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. आईला वाटलं देवघर. मला वाटलं, या फळ्यांचाही पेपरच होणार. सकाळी इकडे ठेवायच्या, संध्याकाळी तिकडे.

वाचनालयातून तू मराठ्यांच्या आरमारावरचं एक पुस्तक आणलं होतंस. त्यात कुठेतरी लिहिलं होतं, की सगळ्यांत मोठ्या लढाऊ जहाजाला पाल म्हणत; तीन डोलकाठ्या, दोन्ही अंगांना तोफा. बस्स, एवढंच. चित्र नाही, नकाशा नाही. दिसायची कशी ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं. दुसरा कुणी असता तर चित्र असलेलं जहाज निवडलं असतं. तू नेमकी हीच निवडलीस. नाळ, म्हणजे जहाजाचं नाक, तू एकदा उंच केलंस, मग आठवडाभर बघत बसलास आणि करवतीनं कापून पुन्हा सखल केलंस. का, असं मी विचारलं. "सारकी दिसना," म्हणालास. जी कुणीच बघितलेली नाही ती बरोबर दिसत नाही हे तुला कसं कळलं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि अजूनही कळलेलं नाही.

स्वयंपाकघर आठवतं ते असं. चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटतेय, आणि झाकणाच्या जागी तू फणसाच्या पातळ पट्ट्या वाफेवर धरून उभा आहेस. आई पळी घेऊन तुझ्या बगलेखालून पेज ढवळतेय. पट्टी मऊ झाली की धावत सोप्यावर जायचं, सांगाड्याच्या फासळ्यांवर वाकवायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी आवळून ठेवायची. घरातले झाडून सगळे चिमटे जहाजाला, आणि आमचे कपडे वाऱ्यानं शेजाऱ्यांच्या कुंपणावर. तोफा तू पेनाच्या रिफिलच्या पितळी टोकांच्या केल्यास. तोफांच्या चौकोनी भोकांना तू 'जनेलां' म्हणायचास, घराच्या खिडक्यांना म्हणतो तसंच, आणि प्रत्येक जनेलाला वर उचलायचं इवलंसं झाकण. शिडांसाठी तुझंच जुनं पुडवें, नेसायचं धोतर, फाडून चहात बुडवलंस. दोरांना काजळी आणि मेण फासलंस, ती काजळी तुझ्या सदऱ्यांवरून शेवटपर्यंत गेली नाही.

मी तेव्हा डिचोलीला औषधाच्या दुकानात कामाला होते. तिथून तुला एक बारीक टोकाचा चिमटा आणून दिला, दोरांच्या गाठी मारायला. तू तो पेनासारखा खिशाला लावून फिरायला लागलास. लग्नाला गेलास तेव्हाही खिशाला तोच. दुकानाचे मालक एकदा विचारते झाले, बापूय सध्या करतो काय? मी सरळ सांगितलं, पाल करता. ते गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. घरी येऊन सांगितलं तर तू इतका हसलास की हातातली डोलकाठी वाकडी बसली, आणि मग तीही माझ्याच नावावर जमा झाली. डोलकाठीला बाजूनं दोरांच्या ज्या शिड्या असतात ना, त्यांतली एक मी सहज बोटानं ताणून पाहिली, तेव्हा मात्र तू कडाडलास, "खेळणें न्हय हें!" मी फुरंगटून आत गेले. दुसऱ्या दिवशी तू मला बोलावलंस आणि काही झालंच नाही अशा थाटात जहाजाच्या एकेका भागाचं नाव सांगत बसलास. ती तुझी माफी होती हे मी ओळखलं, पण तुला तसं दाखवलं नाही.

आणि तो विनोद. आपल्याकडे कपाटाला आरमार म्हणतात, आणि जहाजांच्या ताफ्यालाही आरमारच. जागा नाही म्हणून जहाज कपाटावर चढवून ठेवायला लागलास तेव्हा तू येईल त्याला ऐकवायचास, "आमचें सगळें आरमार आरमाराचेर." पाहुण्यांना कळायचं नाही. तू समजावून सांगायचास. समजावल्यावर कुणी हसायचं नाही. आपण दोघंच हसायचो, आणि आई म्हणायची, दोघांकनय कामधंदो ना.

मग तू आजारी पडलास. बोटं थरथरायला लागली. गाठ मारायला घ्यायचास आणि दोर निसटायचा. तिसऱ्या डोलकाठीचे दोर राहिले, एका अंगाच्या तोफा राहिल्या. एक दिवस चिमटा खिशातून काढून मेजाच्या खणात ठेवलास, तेवढंच. जहाज आम्ही कपाटावर चढवलं, धुरळा नको म्हणून वर जुनी चादर टाकली. ते तिथे होतं, पण चादरीखाली होतं, आणि औषधं, डॉक्टर, तुझं उठणं-बसणं यांत मला त्याचा खरंच विसर पडला.

ती दुपार. तू खाटेवर आहेस, कपाटाकडे तोंड करून. आई पेज आणायला आत गेलीय. मी गोळ्या मोजतेय. कपाटाच्या वर भिंतीला एक जाडजूड पाल चिकटलीय आणि चुकचुकतेय. तू डोळे उघडतोस आणि म्हणतोस, "बाये, आरमारावयली पाल काड गो." मी उठते, केरसुणी घेते आणि त्या पालीला हाकलते. ती तुळईच्या फटीत शिरते. मी परत येऊन बसते. तू विचारतोस, "गेली?" मी म्हणते, "गेली." मग म्हणतोस, "बरें जालें," आणि कूस बदलतोस, भिंतीकडे. दुसऱ्या दिवसापासून तुला शुद्ध नव्हती.

इतकी वर्षं ती माझ्या लेखी एक साधी दुपार होती. तुझी सेवा केली, पाल हाकलली, झालं. गेल्या पंधरवड्यात जहाज इथे मेजावर ठेवलं आणि नवऱ्यानं विचारलं, "हिका म्हणटात तरी कितें?" मी म्हटलं, "पाल." आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तुझ्यामागे तो शब्द त्या अर्थानं मी कधी तोंडातून काढलाच नव्हता. लोकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. माझ्या मनात चुकचुकली ती कुठली पाल, हेच मला कळेना.

तू जहाज म्हणत होतास का? आणि 'काड' म्हणजे काय, बाबा? वरून खाली काढ, मला बघायचंय? की काढून टाक, माझ्या डोळ्यांसमोर नको, अर्धं राहिलेलं बघवत नाही? बघायचं होतं असं धरलं, तर तू जहाज मागितलंस आणि मी केरसुणी फिरवून तुला सांगितलं, की गेली. तुझी पाल गेली. आणि तू 'बरें जालें' म्हणालास. ते कसलं बरें होतं? सुटलो असं, की आता काय बोलणार असं? मी तो आवाज पुन्हा पुन्हा आठवून पाहते. आठवून आठवून तो इतका झिजलाय, की आता त्यात मला हवं ते ऐकू येतं.

नवऱ्याला सांगितलं. तो माणूस सरळ. "मनीस आजारी आशिल्लो, वयर पाल आशिल्ली. सोंपलें. कित्याक डोकें पिकयता?" म्हणाला आणि पाण्याचा पंप लावायला गेला. आईला विचारलं तर तिनं ठाम सांगितलं, की त्यानं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, जहाज काढून टाका म्हणून. म्हणूनच ती नदीत सोडायला सांगत होती. तेव्हाच म्हणजे कधी? तर ते तिला सांगता येईना. मी विचारलं, बाबा पालीला घाबरायचा का गं? "पालीक तो केन्ना भियेलो?" आई म्हणाली. खरंच की. उलट डास खातात म्हणून तू त्यांना हाकलू द्यायचा नाहीस. मग आई मेथी निवडता निवडता, मान वर न करता बोलली, "आनी पाल म्हणपाची संवय ताका तुजेकडेच. माजेकडे तो सदांच तारूं म्हणी." तारूं. म्हणजे माझ्याखेरीज घरात कुणाशी तो शब्द तू वापरतच नव्हतास. आणि त्या दुपारी खोलीत मीच होते. मला वाटलं, चला, उकललं. पण भिंतीवरच्या पालीला तरी माणूस दुसरं काय म्हणणार? उकललेलं पुन्हा गुंतलं.

काम मात्र करतेय. नदीत सोडलं नाही, आई रुसली तरी. तिसऱ्या डोलकाठीचे दोर रोज दुपारी थोडे थोडे बांधते. पाहुणे समुद्रावर गेलेले असतात, घर शांत असतं. माझ्या गाठी तुझ्यासारख्या बसत नाहीत, जाड होतात. काल एक सोडवून पुन्हा मारली, ती आधीपेक्षा वाईट झाली. राहिलेल्या अंगाच्या तोफांसाठी रिफिलींची टोकं जमवलीत, पण हल्लीची टोकं पितळी नसतात. त्यांना रंग द्यावा की तशीच लावावीत? की जनेलांची झाकणं बंदच ठेवावीत, म्हणजे तोफा आत आहेत असं समजून चालता येईल? तुला विचारावंसं वाटतं, आणि विचारायला गेले की त्या प्रश्नामागून दुसरा प्रश्न येतो, आणि मी दोर खाली ठेवते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. सोप्यावर बसून लिहिलं, आई आत झोपलीय, ती उठायच्या आत फाडून टाकीन. पण एक कबूल करते. तुला जहाज बघायचं होतं आणि मी 'गेली' म्हटलं, हेच खरं असावं असं मला वाटतं. सगळ्यांत वाईट तेच, हे कळतं मला. पण नवरा म्हणतो तसं असेल, ती नुसती भिंतीवरची पाल असेल, तर जाताना तू माझ्याशी काहीच बोलला नाहीस.