उजव्या बाजूच्या पाचरी

रविवार, ३ तारीख

पोचलो एकदाचे. सामान लावून झालं, हिने पलंगावर चादर घातली आणि ही वही माझ्या हातात कोंबली. म्हणाली, दिवसभरात जो काही संताप येईल तो इथे उतरवा, माझ्या डोक्याशी कटकट नको. मी सुतार माणूस, पेन्सिल कानावर असतेच. बसलो लिहायला.

खोली घराच्या मागच्या अंगाला आहे, पण उजेड मोप. मोठी खिडकी, तिला लोखंडी जाळी, बाजूला न्हाणीघर, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. हिने सगळं पाहून मान डोलावली म्हणजे पास. हिला सातवा महिना लागलाय. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोनदा आशा लागली आणि गेली. आता हे तिसऱ्यांदा. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की जड उचलायचं नाही, दगदग करायची नाही. भावाकडे जाऊन राहा म्हटलं तर भावजयीचा नि हिचा विस्तवही जात नाही, आणि खरं सांगायचं तर मलाच हिला सोडून यायचं नव्हतं. मालक म्हणाले, त्यांनाही घेऊन या, घर रिकामंच पडलंय. भला माणूस दिसतो.

काम मोठं आहे. समुद्रातले मासे आणि जिवंत प्रवाळ ठेवायची काचेची टाकी येणार आहे, भिंतभर लांब, आणि ती पेलणारं स्टँड मी करायचं. टाकी स्थिरस्थावर होईपर्यंत इथेच राहायचं. असलं काम आमच्या धंद्यात कितीजणांच्या वाट्याला येतं? मी जाम खूश आहे. हीसुद्धा गाणं गुणगुणतेय, म्हणजे तिलाही जागा आवडली.

बुधवार, ६

मापं घेतली, माल आला. काच, पाणी, वाळू, दगड मिळून दोन टनांच्या घरात वजन जातं. दिवाणखान्यात दोन मोटारी एकावर एक ठेवल्यासारखं झालं. मालकांना लोखंड नको, खाऱ्या ओलीने गंजतं. त्यात ते चूक नाहीत. म्हणून जाड लाकडाची चौकट, वर मरीन प्लाय, सगळीकडून ओल न शिरू देणाऱ्या इपॉक्सीचा हात. खालच्या कप्प्यात पाणी गाळायची छोटी टाकी आणि पंप बसेल.

दिवाणखाना लांबट आहे. टाकी लांब भिंतीला लागणार. तिच्या डाव्या टोकाला घराचं पुढचं दार, उजव्या टोकाला आमच्या खोलीकडे येणारा बोळ. फरशीला दाराकडे उतार निघाला, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून मुद्दाम दिलेला. त्या हिशोबाने पाय कमी-जास्त कापले. स्टँड असं बसलं पाहिजे की वर गोटी ठेवली तरी हलता कामा नये.

मालक खुर्ची टाकून बघत बसतात. साठीचे असतील, हू नाही की चू नाही. डोक्यावर असं कुणी बसून राहिलं की माझं टाळकं फिरतं. हिला सांगितलं तर म्हणाली, एकटा जीव आहे, बसला तर तुमचं काय घेतो? मग रंधा उचलला.

मंगळवार, १२

स्टँड उभं राहिलं! वर चढून चांगला नाचलो. ही पोट धरून हसत होती. म्हणाली, मासे राहू द्या, तुम्हालाच पाण्यात सोडू.

दुपारी काचवाले टाकी घेऊन आले. त्यांचा मुकादम जरा शिष्ट होता, आल्याआल्या स्टँडवर थापा मारून बघायला लागला. नंतर मात्र म्हणाला की यावर टाकीच काय, हत्तीही बसवा. माझी कॉलर ताठ. टाकी चढवून सपाटी बघायची लेव्हल ठेवली तर बुडबुडा बरोब्बर मध्ये. मालकांनी पहिल्यांदाच माझ्याशी हात मिळवला. हात गार होता त्यांचा.

शुक्रवार, १५

आज पाणी भरलं. लोक साध्या पाण्यात मीठ कालवतात. मालकांनी टँकरने समुद्राचं पाणी आणवलं, तेसुद्धा एका ठरावीक किनाऱ्यावरचं. मुकादम सांगून थकला होता की यात नको ते जीवजंतू येतात. मालकांनी ऐकून घेतलं आणि करायचं तेच केलं.

जेवताना त्यांनी आपणहून कारण सांगितलं. त्यांची बायको त्या किनाऱ्यावर पोहायला उतरली ती परत आली नाही. सापडलीही नाही. हवापाण्याची गोष्ट करावी तशा आवाजात सांगत होते. हिचे डोळे भरून आले. माणूस असा रोज त्या पाण्यासमोर बसणार, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

थेंबभरही गळती नाही. पण एक गोष्ट खटकतेय. टाकीच्या उजव्या टोकाला पाणी चढलेलं दिसतं, चांगलं बोटभर. लेव्हल लावली, बुडबुडा मध्ये. लेव्हल फिरवून लावली, तरी मध्येच. मग हे काय? झोप येईना म्हणून लिहितोय.

शनिवार, १६

डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी ठरवलं की लेव्हल बिघडली असणार. ती काय, विकत घेतलेली वस्तू. पाणी कसं चुकेल? आमच्या धंद्यात पाण्याची पातळी म्हणजे शेवटचा शब्द, लांबच्या दोन भिंती जुळवायच्या तरी आम्ही पाणी भरलेली नळीच धरतो.

मालकांच्या गाडीचा जॅक घेतला, उजवी बाजू उचलली आणि त्या पायांखाली सागवानी पाचरी ठोकल्या. पाणी काठाला समांतर आलं. मालकांना म्हटलं, लाकूड जरा बसलं होतं. माझं लाकूड बसत नाही. हे बोलताना जीभ जड झाली, पण दुसरं काय सांगणार?

मंगळवार, १९

आज जे पाहिलं ते हिला सांगितलेलं नाही.

मी टाकीसमोर होतो. ही उन्हात उभं राहायला पुढच्या दाराशी गेली. तिच्या पाठोपाठ पाणी डाव्या टोकाला गेलं. लाट नाही, काही नाही. शांतपणे सरकलं आणि तिकडे चढून थांबलं. स्टँड करकरलं. मी केलेलं स्टँड करकरतं? ही परत बोळाकडे निघाली तर पाण्याचा तो उंचवटा काचेच्या आतून तिच्याबरोबर चालत आला.

खोलीत येऊन नळीत पाणी भरलं. एक टोक हिच्या हातात दिलं, एक माझ्या. हिच्या टोकाला पाणी वीतभर वर. टोकं बदलली, तरी वर हिच्याचकडे. ही म्हणाली, मापाचं खूळ आता माझ्यावर उतरलं का तुमचं? मी हसलो. नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो.

बुधवार, २०

मालकांना माहीत आहे. त्यांनी आज टाकीच्या डाव्या बाजूला, दाराशी, गादीची खुर्ची आणून ठेवली, हिच्यासाठी. मी म्हटलं, हिला काही बसायचं नाही तिथे. आवाज चढला माझा. ते चिडले नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाले,

"तिला मूल हवं होतं हो. फार हवं होतं."

बस, एवढंच. चेहऱ्यावर आनंद होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना खूश पाहिलं. माझी पाचावर धारण बसली. म्हणजे पाणी हिच्याकडे येत नाही. हिच्या पोटाकडे येतंय.

मेव्हण्याला फोन केला. गाडी घेऊन ये, शक्य तितक्या लवकर. शुक्रवारच्या आत त्याला जमत नाही. मालकांची गाडी मागितली तर ऐकलंच नाही असं केलं. घर इतकं आडबाजूला की हिला चालवत नेणं शक्य नाही.

आणि आता कळतंय की मी काय करून ठेवलंय. लेव्हल बरोबर होती. पाचरींनी मी सगळं स्टँड डावीकडे कललेलं करून ठेवलंय. ही उजवीकडे, आमच्या खोलीत असते तोवर पाणी इकडे ओढलेलं राहतं आणि तोल सांभाळला जातो. ही डाव्या टोकाला गेली तर पाणीही तिकडे आणि उतारही तिकडेच. डावे पाय मोडून दोन टन तिच्या अंगावर. आणि घराबाहेर पडायचं दार तेवढं एकच, डावीकडचं.

काल ती तिथे उभी होती. कालच पडलं असतं.

गुरुवार, २१

पाचरी काढायला गेलो. वजनाखाली घट्ट बसल्यात. जॅक जागेवर नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, सापडेल.

हिला सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरेल. नाही घाबरली. म्हणाली, टाकीजवळ गेलं की बाळ शांत होतं, इथे पडल्यावर नुसतं तळमळतं. मी ओरडलो हिच्यावर. पहिल्यांदा. रडली. मग मीही रडलो. शेवटी वचन दिलंय की खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही.

ओढ वाढतेय. पाणी आता उजव्या काठाला हातभर चढलंय, सांडत नाही नुसतं. डावीकडचे दगड उघडे पडलेत. पेल्यातलं पाणी प्यायला ही ओठ लावते तर पाणी आधीच—

नको. लिहवत नाही.

शुक्रवार, २२, सकाळ

टाकी रिकामी करायला पाइप लावला. पाइपाचं तोंड पुढच्या दाराबाहेर, पायरीच्या खाली. उतार आहे, पाणी धो धो जायला हवं. थेंब आला नाही. तोंडाने ओढून पाहिलं. तोंडात खारट आलं, सोडलं की परत आत गेलं. ही इकडे असताना ते तिकडून बाहेर जाणार नाही.

मालक मागे उभे होते. म्हणाले, उगाच त्रास करून घेताय. मी हातोडा उचलला होता. टाकला खाली. आत्ता काच फोडली तर सगळं पाणी बोळातून हिच्याकडेच येईल.

एकच मार्ग उरलाय. खिडकी. मेव्हण्याला कळवलंय, जाळी कापायची करवत घेऊन ये, आणि पुढच्या दाराशी यायचं नाही, मागून ये. दोनदा बजावलं. तो म्हणाला, बरं बरं.

दुपार

खिडकीशी बसलोय. मागच्या रस्त्यावर डोळे लावून. ही पाठीमागे पलंगावर आहे, जेवली नाही, आत्ताच डोळा लागलाय. लिहीत राहिलो की जागेवर बसवतं म्हणून लिहितोय.

खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवलाय. वळून बघायला नको. पाणी पलंगाकडे चढलेलं आहे तोवर ही पलंगावर आहे.

पलंगाकडे आहे.

दिवाणखान्यातून लाकडाचा आवाज. माझा सांधा. आवाजावरून सांगतो, पुढच्या डाव्या पायाचा. धरून राहा रे बाबा. अजून थोडा वेळ.

रस्ता रिकामा. कुठे मेला हा—

पलंगाकडेच आहे.

गाडीचा आवाज आला. आला! पण मागे नाही. मागे कुणी—

बेल वाजली. पुढची. अरे गाढवा, किती वेळा सांगितलं, मागून, मागून—

मालकांनी दार उघडलं. बोलणं ऐकू येतंय. मेव्हणा हसतोय. हाक मारतोय हिला, लहानपणीची हाक, कुठे लपलीस गं म्हणून. हिला म्हणतोय ये बाहेर—

हलू नकोस. मी जातो, मी सांगतो त्याला. तू पडून राहा. ऐकलंस का—

ओ देत नाहीये—

पेल्यातलं पाणी पलंगाकडून सरकलं. दाराकडे. आता बोळाकडे. चालतंय. थांब अगं, थांब, पाणी डावीक—