जन्मभराच्या गोळ्या

३ मार्च २००५
सासूबाईंनी आज यांचे सगळे पँटशर्ट बोहारणीला देऊन टाकले! बदल्यात स्टीलचं पातेलं. मी नळावरून येईपर्यंत व्यवहार आटोपलेला. "आता त्याला कुठं कंपनीची बस चालवायचीय?" म्हणाल्या, आणि पातेलं मांडीवर घेऊन रडत बसल्या. यांना अंगावरचं पांघरूणही पेलवत नाही.

८ मार्च
सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळायला लागल्यात! दोन वर्षांपूर्वी खासगी डॉक्टरांनी किंमत सांगितली, तेव्हा हे उठून बाहेर आले होते.

आज कात्रजहून रिक्षानं नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जन्मभर घ्यायच्या. एक दिवसही चुकवायचा नाही." जन्मभर! म्हणजे यांचा जन्म अजून शिल्लक आहे? घरी येईस्तोवर तोच शब्द मनात घोळत होता.

९ मार्च
गोळी तळहातावर घेऊन बघितली. साधी, पांढरी. आपल्याच देशात बनते म्हणे. हिच्यात एवढं काय असेल?

१४ मार्च
उलट्या. सासूबाई म्हणतात, "बंद कर ते विष." डॉक्टरीणबाई म्हणतात, थोडे दिवस होणारच. मी बंद करणार नाही.

१७ एप्रिल
यांनी आज भाकरी मागितली. मागितली! मग दुसरी. मग तिसरी. माणूस जेवतोय, यात बघण्यासारखं काय? पण मी बघतच राहिले.

१२ जून
हे भिंत न धरता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेले — सासऱ्यांचा जुना पायजमा घालून, एका हातानं नाडी सावरत! परत आल्यावर, "आई, माझी पँट कुठाय?"

सासूबाई दूध ढवळत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "बोहारीण आली की विचारते."

आम्ही तिघं पोट धरधरून हसलो. देवाला हात जोडले, औषधालाही. खरं सांगायचं तर औषधाला आधी.

४ ऑगस्ट
सोमवारपासून पुन्हा हिंजवडीची बस! जूनमध्ये शिवलेली नवी पँट कमरेत उसवून सैल करून घ्यावी लागली. शेजारच्या कांताबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. बघा म्हणावं.

२ सप्टेंबर
माझं रक्त मी इतके दिवस तपासू दिलं नव्हतं. औषध परवडणारच नाही, तर कळून काय करायचं? गेल्या आठवड्यात आपणहून जाऊन देऊन आले. आज कळलं — मलाही आहे. हे तिथंच बाकावर बसून रडायला लागले. गेल्या वर्षी कळलं असतं, तर मी हाय खाऊनच मेले असते. आज डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं, "माझ्या गोळ्या कधीपासून?"