डाव्या हाताची फिल्म

६ ऑगस्ट १९७९, सोमवार

आज एक्स-रेच्या टेबलावर माणूस नव्हता — नुसती हाडं! गोणपाटात बांधून दोन शिपायांनी आणली. आमच्या गावाला, प्लेन दे पपायला, ऊसतोडणी चालू आहे, तिथल्या एका शेताच्या बांधाखाली सापडली. पोलीस डॉक्टर म्हणाले, पुरुष, तिशी-पस्तिशीचा, चार-पाच वर्षं मातीत असावा. कवटीला मागच्या बाजूनं चीर आहे. एकेक हाड नीट घ्या मिस इंद्राणी, म्हणाले, या फिल्म कोर्टात जाणार आहेत.

घेतल्या. डाव्या हाताची फिल्म डार्करूममधून आणून उजेडाच्या पेटीवर लावली. कोपराखाली दोन्ही हाडं वाकडी जुळलेली, आतल्या बाजूला बारीक काट्यासारखं टोक. हा हात मी पाहिला आहे.

छे! वाकडे हात काय थोडे असतात?

७ ऑगस्ट

पुन्हा पाहिली. तोच. हरिलाल.

८ ऑगस्ट

कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून कागदाला सांगते. हरिलाल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, भगूचा नवरा. प्यायला की तिला मारायचा, आणि प्यायचा रोज. ७३ साली उसाच्या लॉरीवरून पडून हात मोडला. खाज सुटते म्हणून तिसऱ्याच आठवड्यात प्लास्टर विळ्यानं स्वतः कापून काढलं! हाड वाकडं जुळलं. तेव्हाची फिल्म मीच काढली होती.

७५ च्या फेब्रुवारीत, जेर्वेझ वादळाच्या आठवड्यात, तो नाहीसा झाला. आमच्या थोरल्या भावानं, लक्ष्मणदादानं सांगितलं, फ्रान्सला गेला कामाला. जाणारे पुष्कळ जातात. पत्र आलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाला त्याचं वाईटही वाटलं नाही. भगू तेव्हापासून दादाकडेच असते, प्लेन दे पपायला. कुंकू मात्र रोज लावते.

पण त्याच्या महिनाभर आधी दादा एका लग्नाच्या मांडवात, शंभर माणसांदेखत हरिलालला म्हणाला होता — पुन्हा हिच्या अंगाला हात लावलास तर उसात गाडीन तुला. मी तिथंच होते. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.

उसातच गाडलेला सापडला!

१० ऑगस्ट

डॉक्टरांनी फर्मावलं की बेटावरच्या सगळ्या इस्पितळांतून जुन्या फिल्म शोधायच्या. पुरुष, मोडलेला डावा हात, गेली दहा वर्षं. हाडं जुळली तर नाव सापडेल. आमच्याकडच्या जुन्या फिल्मच्या खोलीची किल्ली कुणाकडे? माझ्याकडे.

हरिलालच्या फिल्मचं पाकीट पाच मिनिटांत मिळालं. आणि आठवलं. प्रत्येक फिल्मवर डावं-उजवं सांगणारं शिशाचं अक्षर ठेवावं लागतं. मी तेव्हा नवी होते. हरिलाल माझ्यासमोर बसलेला, त्याचा डावा हात माझ्या उजवीकडे — मी उजव्याचं अक्षर ठेवलं, वहीतही उजवा हात लिहिला. महिन्याभरानं चूक लक्षात आली. पण नोकरी पक्की व्हायची होती. गप्प बसले.

आज डॉक्टरांना वही दाखवली. मोडलेल्या डाव्या हातांत असा कुणी नाही, मी म्हणाले. वहीप्रमाणे ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली आणि वही मिटली.

१३ ऑगस्ट

पाकीट घरी आणलं. साड्यांच्या खाली ठेवलं. मग वाटलं, ट्रंक तर पहिल्यांदा उघडतील, म्हणून गादीखाली. आता त्यावरच झोपायचं! सहा वर्षं इमानानं नोकरी केली, आणि आज बो बासेंला घरी जाणाऱ्या बसमध्ये मांडीवर पिशवी घट्ट धरून चोरासारखी बसले. शिपाई चढला तर घाम फुटला. तो बिचारा भाजी घेऊन घरी चालला होता.

१६ ऑगस्ट

गोपालला धरलं. त्या शेताचा म्हातारा राखणदार. पाच वर्षांपूर्वी कुणा परक्या ऊसचोराला त्यानं काठी मारली होती, तेवढ्यावरून. बाकी पुरावा शून्य. ज्याचं नावही ठाऊक नाही त्या माणसाच्या खुनासाठी हा आत!

मला गोपाल लहानपणापासून माहीत आहे. पेरू चोरले तर ओरडायचा, आणि मग स्वतःच आणखी दोन तोडून द्यायचा.

१८ ऑगस्ट

त्याची बायको बसंती आज इस्पितळात आली. माझ्याच खिडकीशी! पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "बाय, तुज्या मशिनीत सगळा दिसतो ना? मग म्हाताऱ्यानं केलान नाय, ता नाय दिसत?"

नाही दिसत, म्हटलं. ती निघून गेली. मला स्वतःची किळस आली.

१९ ऑगस्ट, रविवार

गणपतीच्या तयारीला प्लेन दे पपायला गेले. मूर्ती दादा घरीच करतो, अजून मातीची, आजोबा करत तशी. माती मळणारे त्याचे हात पाहत बसले. केवढाले हात! पूर्वी कधी भीती वाटली नव्हती.

भगूनं चटणी वाटली. पाटा आईचाच, वरवंटा मात्र नवा, पांढुरका. जुना कुठं गेला विचारलं तर म्हणाली, "वादळात गेला." मग मी पुढं काही विचारलं नाही, कारण माझं लक्ष दादाकडे होतं. सोंड करताना तो माझ्याकडे बघून हसला, आणि मी नजर चुकवली. सख्ख्या भावाकडे!

२२ ऑगस्ट

फिल्म दिली तर दादा जातो. नाही दिली तर गोपाल. आणि दिली तर माझी नोकरीही जाते. जेवण जात नाही. डार्करूमचं दार मागून लागलं तरी दचकते.

फिल्म जाळावी असंही मनात आलं. काडी पेटवली होती. बोट भाजलं, फिल्म शाबूत.

२६ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

आरती झाली. शेजारीपाजारी प्रसाद घेऊन गेले. भगू स्वयंपाकघरात होती. मी दादाला मूर्तीसमोर थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं — हाडं, हात, फिल्म. त्यानं कुणाची हाडं, कुठली, एक शब्दही विचारला नाही. धक्का बसला असेल.

म्हटलं, "दादा, गणपतीच्या पायांवर हात ठेव. हरिलालला तू मारलंस?"

त्यानं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग मातीच्या पायांवर हात ठेवला. "मो जिरे, शप्पत घेतो, बाय. म्या नाय मारला त्येला. देवाच्यान."

दादा देवाची खोटी शपथ घेणार नाही. काहीही झालं तरी नाही. आजोबांच्या वेळेपासून या घरात कुणी घेतली नाही. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. वीस दिवसांची भीती एकदम ओसरली. वर पाहिलं तर भगू मोदकांचं ताट घेऊन दारात उभी होती. म्हटलं, ऐकलंस ना? ती हो म्हणाली आणि ताट ठेवून आत गेली.

म्हणजे मारणारा दुसराच कुणी आहे. मग लपवायचं कुणासाठी? उद्याच देते.

२७ ऑगस्ट

दिली! पाकीट टेबलावर ठेवलं आणि आधी माझी चूक सांगितली, मग हरिलालचं नाव, मग पाकीट घरी नेल्याचंही. वाटलं होतं, डॉक्टर नोकरीवरून काढतील. त्यांनी दोन्ही फिल्म शेजारी-शेजारी लावल्या. वाकडं हाड तेच, काटाही तोच. मग म्हणाले, "याला आता नाव मिळालं. तुमचं काय करायचं ते वरचे ठरवतील. मी मात्र लिहीन की तुम्ही आपण होऊन आलात."

मेलेला परका ऊसचोर नव्हता, म्हणून गोपालला संध्याकाळी सोडलं. बसंतीनं शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवलं, आणि फोनवरच रडली. आज दोन वेळा भात घेतला. विसर्जनाला जाता आलं नाही, एवढीच चुटपुट.

२८ ऑगस्ट

पहिल्या बसनं भगू आली. कपाळ मोकळं, कुंकू पुसलेलं. म्हणाली, "गोपालला सोडवलास, बरा केलास. आका, दादा खोटा नाय बोलला. त्यानं फकस्त खड्डा खणलान. वरवंटा माज्या हातात व्हता."

फिल्म कालच देऊन झाली आहे. माझा जबाब घ्यायला इन्स्पेक्टर दहा वाजता घरी येणार आहेत. आता साडेनऊ झालेत. भगू आत चहा करते आहे.