फाईलमधली दुसरी चिठ्ठी

सर, तुमचा हेअर ड्रायर काल बंद पडला. आधी जळका वास आला, मग एक कण्हल्यासारखा आवाज, आणि संपलं. नेमकी उद्या बाहेरचे तपासनीस येणार आहेत, म्हणून सकाळपासून जुन्या फायली काढून बसले आहे. प्रत्येक चाचणीला दोन चिठ्ठ्या जोडलेल्या आहेत, तुमच्या नियमाप्रमाणे. फक्त एका फायलीत एकच आहे. दुसरी कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि ती लावायची की नाही हे ठरत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तुम्हाला लिहिते आहे.

तो ड्रायर घ्यायला आपण उल्हासनगरला गेलो होतो तेव्हा मला नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. दुकानदारीणबाईंनी आधी तुमच्या डोक्याकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. मग माझ्या वेणीकडे बघितलं. ‘बेटी के लिए?’ तुम्ही गंभीरपणे म्हणालात, ‘नहीं, फ्लास्क के लिए.’ बाई म्हणाल्या, ‘साईं, फिर वारंटी नहीं मिलेगी.’ अंबरनाथला परत येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून हसू दाबत होते. घरी शिरगावला आईला सांगितलं की आमच्या लॅबमध्ये भिंतीवर आरसा आहे आणि ड्रायरही आहे, तर तिला आधी वाटलं मी पार्लरमध्ये लागले. मग तिला समजावलं, की ठिणगी नाही, काडी नाही, नुसत्या उष्णतेने एखादा द्रव किती तापमानाला आपोआप पेटतो ते आम्ही शोधतो. भट्टीत काचेचा गोल फ्लास्क तापत ठेवायचा, त्यात सिरिंजने दोन-चार थेंब सोडायचे, दिवे घालवायचे आणि वर तिरक्या लावलेल्या आरशात दहा मिनिटं बघत बसायचं. पेटलं तर तापमान उतरवायचं, नाही पेटलं तर चढवायचं. दर वेळी आतली वाफ ड्रायरने उडवून लावायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणाली, ‘आणि याचा पगार देतात?’

ज्योत कधी भप्पकन येते, कधी इतकी फिकी निळी की आली कधी आणि गेली कधी कळत नाही. म्हणून तुमचा नियम. अंधारात दोघांनी बघायचं, एक शब्द बोलायचा नाही, आणि दिवे लावायच्या आधी ज्याने त्याने आपल्या चिठ्ठीवर लिहायचं, ‘ज्योत’ किंवा ‘नाही’. ‘डोळ्यांनी बघितलेलं लिहायचं,’ तुम्ही म्हणायचात, ‘कानांनी ऐकलेलं नाही.’ माझी पंचाईत अशी, की सिरिंज दाबली की माझे डोळे आपोआप गच्च मिटायचे. आता मोठा आवाज होणार, या भीतीने. उघडायचे तेव्हा सगळं आटोपलेलं असायचं. पण तुम्हाला एक सवय होती, सर, आणि ती तुम्हाला ठाऊक नव्हती. ज्योत दिसली की तुमच्या घशातून एक बारीकसा ‘हं’ यायचा, चहात साखर बरोबर पडल्यावर येतो तसा. मी त्या ‘हं’वर तीन महिने काढले. आपल्या चिठ्ठ्या एकदाही वेगळ्या निघाल्या नाहीत. माझी नजर तयार आहे असं तुम्ही बाहेर सगळ्यांना सांगत होतात.

मग तो दिवस. बदलापूरच्या एका कारखान्याचं सॉल्व्हंट आलेलं आहे. तुम्ही सकाळी गेटवर मिसळ खाल्ली आहे. मी सिरिंज दाबते, डोळे मिटते, आणि अंधारात स्वच्छ ऐकू येतं, ‘हं’. मी लिहिते, ‘ज्योत’. दिवे लागतात. तुमच्या चिठ्ठीवर ‘नाही’. तुम्ही दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्यात आणि विचारलंत, ‘काय दिसलं तुम्हाला?’ तुम्ही मला एरवी तू म्हणायचात. ‘तुम्हाला’ ऐकून मी सगळं ओकले. तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, ‘या आकड्यावर तिथले लोक आपली यंत्रं तापवणार. त्या यंत्रांपाशी माणसं उभी असतात, बाई. त्यांना तुम्ही माझ्या ढेकराचं तापमान लिहून देणार होतात.’ मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर चेहऱ्याचं काय होतं ते त्या आरशात दिसत होतं. तीन महिन्यांच्या सगळ्या चाचण्या तुम्ही दुसऱ्याला सोबत बसवून पुन्हा केल्यात. मला वाटलं, आपली नोकरी गेली.

त्याऐवजी रविवारी हेंद्रेपाड्याला तुमच्या घरी जेवायला बोलावणं आलं. काकू आमटीला फोडणी देत होत्या. तुम्ही मला गॅसपाशी उभं केलंत, हातात मोहरीचा डबा दिलात आणि म्हणालात, ‘टाक, आणि डोळे मिटायचे नाहीत.’ काकू म्हणाल्या, ‘अहो, पोरीला जेवायला बोलावलंय का परीक्षेला?’ पहिल्या दोन वेळा मी मिटलेच. तिसऱ्या वेळी मोहरी तडतडून उडाली ती थेट तुमच्या टकलावर, आणि तुम्ही ‘आई गं’ म्हणून बसलात ते बघायला माझे डोळे उघडे राहिले. काकूंनी तेवढ्यात तीन फोडण्या जाळल्या होत्या. ‘हिची नजर तयार झाली,’ त्या म्हणाल्या, ‘आता आमटी बिनफोडणीची खा.’ सोमवारी मी पहिली ज्योत पाहिली. निळी, कडेला जांभळट, फ्लास्कच्या तळाशी कुणीतरी कूस बदलावी तशी हलली आणि गेली. माझ्या तोंडून मोठ्याने ‘हं’ निघाला. अंधारातून तुमचा आवाज आला, ‘तोंड बंद.’

पुढे किती वर्षं आपण असे शेजारी शेजारी अंधारात बसलो. मग तुमच्या चिठ्ठ्यांवर ‘नाही’ वाढायला लागले. मला ज्योत दिसायची, तुम्हाला नाही. तुम्ही आरसा पुसलात, मग आरसा बदललात, मग नव्या आरशाच्या कंपनीला नावं ठेवलीत. साखर डोळ्यांत उतरली होती हे काकूंनी मला फोनवर सांगितलं आणि मी सांगितल्याचं सांगू नकोस असंही सांगितलं. लॅब सोडली तर हा माणूस घरात काय करेल, या धाकाने त्या बोलत नव्हत्या. मीही बोलले नाही. मी खोकायला लागले. ज्योत दिसली की बारीकसा, घशातल्या घशात. तुमच्या चिठ्ठ्या पुन्हा माझ्याशी जुळायला लागल्या. दर वेळी दुसऱ्या दिवशी तुम्ही यायच्या आधी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सोबत बसवून तीच चाचणी मी पुन्हा करत होते आणि तोच आकडा रिपोर्टात जात होता. माणसं उभी असतात, हे मी विसरले नव्हते. शिक्षा मात्र झाली. माझा खोकला हटत नाही म्हणून तुम्ही काकूंकडून काढा आणायला लागलात. अडुळसा, मिरी, आणखी काय काय. रोज अकरा वाजता माझ्यासमोर उभे राहून बाटली रिकामी करवून घ्यायचात. नसलेल्या खोकल्यासाठी पाच महिने तो काढा प्यायले, सर.

आणि मग ती चाचणी. ज्योत आली, मी खोकले, दिवे लागले. मी माझी चिठ्ठी ठेवली, ‘ज्योत’. तुम्ही तुमची ठेवलीत. तिच्यावर तुमच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘खोकला’. तुम्ही ड्रायर उचललात, फ्लास्कमधली वाफ शांतपणे उडवलीत, वायर गुंडाळलीत आणि ड्रायर माझ्या हातात दिलात. ‘उद्यापासून काढा बंद,’ म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आला नाहीत. नंतर मी तुमच्या घरी भेटायला यायचे तेव्हा आपण आमटीबद्दल बोललो, साखरेबद्दल बोललो, याबद्दल कधीच नाही. मग तुम्ही गेलात.

ती चिठ्ठी इतकी वर्षं माझ्या चष्म्याच्या डबीत होती. आज पुन्हा वाचली आणि वाटलं, या कपाटातली सगळ्यात खरी नोंद हीच असेल. जे कळलं ते लिहिलंत, आणि ते कानांनी कळलं हेही लिहिलंत. म्हणून ठरवलं. उद्या तपासनिसांनी विचारलं तर सगळं सांगेन. चिठ्ठी फाईलला लावली आहे, माझ्या चिठ्ठीशेजारी, वर तारखेचा शिक्का.

हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, तेव्हा खरं काय ते लिहून टाकते. फाईलला लावलेली झेरॉक्स आहे, सर. मूळ चिठ्ठी पुन्हा डबीतच ठेवली.