विहीणबाईंची हाय

८ डिसेंबर, सोमवार

आली! जपानची विहीण काल लंडनला, आमच्या एजवेअरच्या घरी येऊन माझ्या हातचं जेवून गेली. साखरपुड्याचा पत्ता नाही आणि मी आपली विहीण म्हणतेय. साचिको नाव. मुलाचं नाव शिन. नावातच शीण! केंब्रिजच्या एवढ्या मोठ्या लॅबमध्ये माझ्या मालविकाला दुसरं कोणी दिसलं नाही.

बाई एवढीशी, पण हसते सारखी. पुरणपोळीचा तुकडा चिमटीत धरून आधी वास घेतला. वास!

पोरं आइस्क्रीम आणायला गेली तेव्हा सरळच विचारलं. मालविका हल्ली फोनवर ओसाका-ओसाका करत असते, मी काय बहिरी आहे? म्हटलं, "यू विल टेक माय डॉटर टू जपान?" मान डोलावून म्हणाली, "हाय." परत विचारलं. "हाय, हाय." हाय म्हणजे त्यांच्यात हो, एवढं मलाही कळतं. आमच्यात कुणाची हाय घेऊ नये म्हणतात, आणि ही माझ्याच टेबलावर बसून मला हाय ऐकवत होती.

हे गेल्यापासून मला आहे कोण? मालविका शनिवारी येते, तेवढाच माझा आठवडा. तीही नेणार. वर तोंडावर सांगून!

११ डिसेंबर, गुरुवार

मालविकाचा फोन. शनिवारी केंब्रिजला एका चर्च हॉलमध्ये त्यांचं ते तांदूळ कुटायचं आहे. नव्या वर्षासाठी मोची करतात म्हणे. "आई, प्लीज ये ना. त्यांची खूप इच्छा आहे." इच्छा! जाणार. बघू तरी.

१३ डिसेंबर, शनिवार

लिहून टाकते.

हॉलच्या मधोमध हे भलंमोठं लाकडी उखळ. मुसळ मात्र हातोड्यासारखं. त्यात वाफवलेला चिकट भात. एकाने हाणायचं, दुसऱ्याने घावामागून ओला हात घालून गोळा उलटायचा. हात बाहेर निघाला की त्याने "हाय!" ओरडायचं — मगच पुढचा घाव. आणि उलटायला कोण? आमच्या विहीणबाई!

"मधुमती-सान!" मलाच हाक मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, उखळात डोकं घातलंच आहे, आता मुसळाला काय भ्यायचं? कार्डिगन काढलं, बाह्या सरसावल्या, मुसळ उचललं.

"हाय!" धप्. "हाय!" धप्. मला सगळ्या हाय त्या दिवशीच्याच ऐकू येत होत्या. नेणार? हाय. कायमची? हाय. मी इथे एकटी मरू? हाय! जोर चढत गेला. लोक वाहवा करत होते. आणि मग मी हाय यायच्या आधीच हाणलं.

साचिको हात पोटाशी धरून खाली बसली. दोन बोटं टम्म सुजली. मोडली नाहीत, देवाची कृपा.

मालविकाने मला किचनमध्ये ओढत नेलं. "आई, मुद्दाम केलंस?"

"तीच म्हणाली! तुला नेणार का विचारलं तर हाय म्हणाली, दोनदा!"

"अगं, hai म्हणजे दर वेळी हो नसतं. 'ऐकतेय' एवढंच. त्या फोनवर सेल्सवाल्यांनाही hai, hai करतात. तुझं इंग्लिश त्यांना कळलंही नसेल." मग तिने तोंड फिरवलं.

मोची खाल्ली. मिठाशिवायच्या उकडीसारखी. टाळूला चिकटली.

१४ डिसेंबर, रविवार

मुद्दाम केलं का? नाही. माहीत नाही. केलं असेल.

पण नेणार नाहीये ना ती! काल रात्रीपासून डोक्यात एवढंच. बरं झालं विचारलं, बरं झालं कळलं. सुजेवर आंबेहळद लावायला हवी. वेम्बलीच्या देशी दुकानातून आणते. एवढी काही मी दुष्ट नाही. प्रेमही उतू जात नाहीये, पण आंबेहळद द्यायला काय जातंय?

१५ डिसेंबर, सोमवार

आंबेहळद पोस्ट केली. फर्स्ट क्लासने!

२० डिसेंबर, शनिवार

मालविका आली नाही. जेवण करून ठेवलं होतं. फोन आला.

"आई, त्या नाही नेत मला. शिन इथे राहायला तयार होता. त्या तर त्याला म्हणाल्या, तिची आई एकटी आहे, इथेच राहा. ओसाकाचा जॉब मला मिळालाय. मीच अप्लाय केलं होतं. दर शनिवारी मी यायलाच हवं, हे मला आता झेपत नाही, आई."

बराच वेळ बोलत होती. मी मध्ये मध्ये "हं" म्हणत होते.

ऐकत होते, एवढंच. हो नव्हतं ते.