खंडेनवमीच्या बुंदीचा घोळ

प्रिय नवनाथदादा,

आधी निवांत बस आणि ऐक. तुझ्या फेरतपासणीचा रिपोर्ट छान आलाय! साखर उतरली, यकृतावरची चरबीही कमी झाली. लॅबमध्ये मॅडमांसमोर मी चक्क टाळ्या पिटल्या. फोनच केला असता, पण तू फोन लगेच सुप्रियावहिनीच्या हातात देतोस आणि मला तुझ्याशीच बोलायचंय.

मागच्या वेळी कसलं छळलंस रे आम्हाला! आमच्या लॅबच्या अभ्यासात नाव दिलंस, सहा महिने रोज चाललास, कंपनीच्या कँटीनमधली भजी सोडलीस, आणि शेवटी बघावं तर साखर चढलेली. झालं, तू हातपाय गाळलेस. ‘आबांच्या रगतातलंच हाय, मला कुठं सुटतंय,’ म्हणत गोळ्यासुद्धा बंद केल्यास. साखरेपायी आबांचा पाय कापावा लागला तेव्हा आपण दोघं दवाखान्यातच होतो, त्यामुळे तुझ्या त्या बोलण्यानं माझी झोप उडाली. उपाशीपोटी आला होतास ना, असं किती वेळा विचारलं, तू आपला शपथेवर हो म्हणायचास. शेवटी वहिनीकडून कळलं, त्या दिवशी खंडेनवमी होती. शिफ्ट सुटताना मशीनची पूजा केलीस, मूठभर बुंदी तोंडात टाकलीस आणि तडक रक्त द्यायला आलास. वर म्हणे, प्रसाद म्हणजे काय खाणं असतं का! धन्य आहे बाबा तुझी. म्हणून तर तुला फेरतपासणीला बोलावलं, ह्या वेळी खरोखर उपाशीपोटी.

आता त्या रगताबद्दल. आबांकडून आलेली जनुकं म्हणजे ऑफिसातून आलेलं ड्रॉइंग समज. ते बदलत नाही, पण मशीनवर पोचायच्या आधी ते मधेच कुणी अडवलं तर माल कमी निघतो. शरीरात ही अडवाअडवी मायक्रोआरएनए नावाचे इवलेसे रेणू करतात, आणि खाण्यानं, चालण्यानं, वजनानं त्यांचं प्रमाण बदलतं. यकृतावर चरबी चढली की त्यातला एक रक्तात वाढतो. अभ्यासाच्या सुरुवातीला तुझा वाढला होता, तो आता उतरलाय. हे सगळं अजून अभ्यासातच आहे, यावरून डॉक्टर औषध ठरवत नाहीत, तेव्हा गोळ्या मुकाट्यानं घ्यायच्या. पण आबांचं झालं तेच तुझं होणार, असं परत म्हणालास तर बघ.

दादा, मला तिसरा महिना लागलाय. आणि परवाच्या तपासणीत माझीही साखर वाढलेली निघाली. ह्यांना सोडून कुणालाच सांगितलेलं नाही. पोटावर हात ठेवून मी तुझंच ते वाक्य मनात घोळवत होते, फार भ्याले होते रे. मग तुझा रिपोर्ट हातात आला आणि जीव भांड्यात पडला, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही. रविवारी आमच्याकडे सांगवीला मुक्कामाला ये. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, तेव्हा मला तू बरोबर हवा आहेस.

तुझीच,
विजू